डिस्पॅच

बावधनच्या आमच्या चौथ्या मजल्यावर
रात्री साडेनऊला भाऊ बाह्या सारतात.
खरकटं काढायचं, एवढंच माझ्याकडे.
धुवायचं नाही, नुसतं निपटायचं.
"आंघोळ करून कुणी आंघोळीला जातं का?"

कढीपत्ता वेचून. फोडणीची मोहरी पुसून.
भाताची शितं तर एकेक,
कारण शीत जाळीत गेलं की
दुसऱ्या दिवशी ते खाली बसून जाळी उपसतात
आणि पुरावा म्हणून बशीत ठेवतात,
माझ्या चहाशेजारी.

भोसरीत चौतीस वर्षं डिस्पॅचला होते.
गिअरबॉक्स, लाकडी खोकी, होसूर, जमशेदपूर.
रस्त्यात हलेल असं काही भरायचं नाही
आणि एकमेकांना टेकेल असंही नाही.
हे त्यांनी माझ्या लग्नातही कुणाला तरी ऐकवलं होतं,
रुखवत टेम्पोत चढवताना.

खालच्या कप्प्यात ताटं, तोंडं आतल्या बाजूला,
वर्गात बसवल्यासारखी.
कढई कोपऱ्यात, पालथी, रुसलेली.
वाट्या वर, जरा तिरक्या:
"पाणी उतरलं पाहिजे, साठता कामा नये."
चमचे एकात एक बसले तर दोन्ही उष्टे राहतात,
म्हणून एकाचं डोकं वर, एकाचं खाली.
पोळपाट नाही, लाकूड फुगतं.
सासूबाईंचा पितळी डबा नाही, काळा पडतो.
तव्याचं तर नावही काढायचं नाही.
ही तिन्ही मी हातानं घासते, आणि खरं सांगू,
तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं.

मीठ संपलं की दिवा लागतो.
खडकवासल्याचं पाणी मऊ, पण ते येतं कुठं?
मार्चपासून टँकर,
आणि टँकरचं पाणी म्हणजे
पेल्यांवर पांढरी रांगोळी.
भाऊ नरसाळं लावून मीठ ओततात,
शेजारचे दुर्वे आले तर त्यांनाही समजावतात.
दुर्वे म्हणतात, "आमच्याकडे बाई आहे."
भाऊ म्हणतात, "आमच्याकडेही होती. शेवंताबाई.
तिच्या हातांना भेगा होत्या म्हणे.
अकरा वर्षांत मी पाहिल्या नाहीत."
आणि दार लावतात. यंत्राचं.

दोन तास चाळीस मिनिटं.
आधी गुरगुर, मग दम खाणं, मग पुन्हा सरी.
भिंतीपलीकडेच त्यांची खाट.
म्हणतात, झोप छान लागते,
गाडी गेट ओलांडून गेली असं वाटतं.

दिवाळीनंतर एका सकाळी
एक वाटी उताणी निघाली,
काठोकाठ राखी, कोमट पाणी
आणि तळाशी एक मोहरी.
वाटलं, मीच ठेवली असेल.
मग एकदा दोन निघाल्या.
मग पोळपाट,
ओला, फुगलेला, ताटांच्या रांगेत नीट उभा,
नव्या मुलाला मध्येच वर्गात आणून बसवावं तसा.

बोलले नाही काही.
तुळशीबागेतून दुसरा आणला, तसाच, तीन पायांचा.
त्यांनी हात फिरवून पाहिला. "जुना कुठं गेला?"
"चिरला होता."
"लाकूड आहे," ते म्हणाले,
"पाणी लागू द्यायचं नाही, तुम्हाला कितीदा सांगितलं."

आता खरकटं काढून झालं तरी
मी तिथंच उभी राहते.
वाट्या एकेक हातात देते, पालथ्या करूनच.
ते घेतात, थांबतात,
आणि कधी कधी त्यातली एखादी
उताणी करून, माझ्याकडे बघत,
सावकाश पुन्हा पालथी घालतात.

"अशी," म्हणतात. "कळलं?"